वहिनींच्या नावावरची गाडी

कोणत्याही वस्तीत जा, कडुनिंबाखाली एक तरी गाडी उभी दिसेल. कुठे ऑटो, कुठे तीनचाकी टेम्पो, कुठे पिकअप. चाके मातीत रुतलेली, काचेवरच्या धुळीत पोरांनी बोटाने नावे लिहिलेली, हौद्यात सरपण आणि खाली कोंबड्या. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते. "चालवणारा गेला." किंवा "हप्ते फिटले आणि गाडीच बसली." जिच्या हप्त्यांसाठी घरातल्या बाईने पोटाला चिमटा घेतला, तीच गाडी एक दिवस भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाते.

अशीच एक गाडी आमच्या घरी होती. ती पुन्हा कशी चालू झाली, काय काय करावे लागले, किती पैसे लागले आणि तिच्या कागदावर कोणाचे नाव लागले, हे वाचक बंधु-भगिनींना सांगावे असे वाटले. कोणाच्या दारात अशी गाडी उभी असेल तर त्यांना उपयोग होईल.

आम्ही नागपुरात एका कार्यालयात कारकून आहोत. आमचे मूळ गाव उमरेड तालुक्यात आहे. आमचे थोरले बंधू गावीच राहत. त्यांनी २००८ साली २००६ ची डिझेल पिकअप कर्ज काढून घेतली आणि गावचा भाजीपाला नागपूरच्या कळमना बाजारात पोचवण्याचा धंदा केला. पहाटे दोनला निघायचे, सुमारे ५० किलोमीटर जायचे, सकाळी दहाला परत. वहिनी शिवणकाम करून हप्त्याला हातभार लावीत. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा गेले. गाडी ज्या जागी त्यांनी उभी केली होती, तिथेच उभी राहिली.

दुःख घरात असतानाच नात्यातली मंडळी गाडीची चर्चा करू लागली. कोणी म्हणाले, मुलाच्या नावावर करा. कोणी म्हणाले, मुलगा लहान आहे, भावाच्या नावावर करा, म्हणजे आमच्या. वहिनींना कोणी विचारले नाही. त्या चुलीपुढे बसून ऐकत होत्या.

आम्ही कारकून माणूस, कागद वाचण्याची सवय. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची विधवा पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि त्यांचे हिस्से सारखे. यांच्यापैकी एकजण जरी हयात असला तरी भावाला काही मिळत नाही. म्हणजे आमच्या दादांच्या गाडीत वहिनींचा, आईचा, पुतणीचा आणि पुतण्याचा चौथा-चौथा हिस्सा, आणि आमचा हिस्सा शून्य. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडले, त्या बिलातलाच हा विषय. आपण जयंतीला त्या राजीनाम्याविषयी भाषणे करतो. घरात वाटणीची वेळ आली की मात्र विचारतो, "बाईच्या नावावर गाडी कशाला?"

आम्ही बैठकीत हे वाचून दाखवले. एक नातलग रागावले. "तुम्ही घराचे पुरुष आहात की वकील?" असे म्हणाले. पण आमची आई, जिला अक्षर येत नाही, ती म्हणाली, "हप्ते कोणं भरले? मशीन तिनंच चालवली ना? मंग तिच्याच नावानं करा." प्रश्न मिटला.

मोटार वाहनाचा मालक वारला तर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ५६ वा नियम तो हाच. मृत्यूचा दाखला, नोंदणी पुस्तिका, विम्याचा कागद आणि बाकीच्या वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडली. पुतण्याला तेव्हा नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे त्याचीही सही चालली. आईने अंगठा दिला. गाडी वहिनींच्या नावावर झाली.

नाव लागले, पण गाडी चालवणार कोण? वहिनींना गाडी येत नव्हती, पुतणी शिकत होती. वहिनींनी बचत गटातल्या बायकांबरोबर भाजी गोळा करून बाजारात पाठवण्याचे काम सुरू केले, पण भाड्याच्या पिकअपने. दर खेपेला २,२०० रुपये भाडे. आठवड्याला दोन खेपा. स्वतःची गाडी दारात आणि भाडे दुसऱ्याला, असे साडेतीन वर्षे चालले.

२०२४ च्या नोव्हेंबरात भंगारवाला आला. वहिनींनी आम्हांला फोन केला, "भाऊजी, बेचाळीस हजार देतो म्हणते. देऊन टाकू काय?"

फोनवर मागून पुतणीचा आवाज आला, "काका, हो म्हणू नका!"

ही पुतणी आय.टी.आय.मधून मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम पास झालेली. तेवीस वर्षांची. तिच्या वर्गात मुली दोनच. प्रमाणपत्र घेऊन ती चार-पाच ठिकाणी काम मागायला गेली. कोणी म्हणाले, रिसेप्शनला बसते काय? कोणी म्हणाले, मुलींसाठी इथे सोय नाही. पाने आणि ग्रीसचे काम तिला कोणी देईना. धाकटा पुतण्या चाकणला कारखान्यात लागला. ती घरी शिवणयंत्राशेजारी बसली होती. भंगारवाल्याच्या काट्यावर त्या दिवशी गाडीबरोबर तिचे प्रमाणपत्रही चढले होते.

गावात अशी समजूत होती की १५ वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते. आमच्या कार्यालयाची जुनी जीप याच कारणाने गेली होती. पण १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम सरकारी गाड्यांसाठी आहे. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर वेगळी बंधने आली. आमच्या जिल्ह्यातल्या खासगी मालवाहू गाडीला प्रश्न विचारला जातो तो हा, की ती तपासणीत योग्य ठरते काय? ठरली तर चालवा. जुन्या गाडीला शुल्क जास्त पडते, ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर लागतो, पण दार बंद नाही.

मग आम्ही वहिनींना म्हणालो, "पाच रविवार द्या. नाही जमले तर भंगारवाला कुठे पळून जात नाही."

गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. आयुष्य डिझेल इंजिनात गेले, आता हात थरथरतात, त्यामुळे धंदा सोडलेला. ते खुर्ची टाकून बसतील आणि पुतणी काम करील, असे ठरले. आम्ही हाताखाली, म्हणजे पाना देणे, बोल्ट डब्यात ठेवणे आणि हिशेब लिहिणे.

पहिल्या रविवारी पोरांची गर्दी. सगळ्यांना वाटले, आता बॅटरी जोडून चाबी फिरवणार. मामा म्हणाले, "चाबीला हात नको लावू पोरी. आधी तिचं पोट साफ कर." उभ्या गाडीला ताबडतोब स्टार्टर मारला तर गंजलेल्या रिंगा लायनरला ओरखडतात, टाकीतला गाळ पंपात जातो आणि शंभराचे काम हजारावर जाते. म्हणून पहिला दिवस सरपण काढणे, धुणे आणि पाहणे यात गेला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घर निघाले. चिंध्या, शेंगांची टरफले आणि वायरींचे तुकडे. वायर कोणत्या, हे पुढे कळले.

बॅटरी १२ व्होल्टची. भरलेली असताना तिच्यात साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. आमची चारवर होती. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाचा सल्फेट कडक बसतो, मग ती चार्ज धरीत नाही. नवी घ्यावी लागली. जुनी परत दिली की शिशाची किंमत वळती होते, हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या रविवारी टाकी काढली. तेरा-चौदा लिटर जुने डिझेल निघाले, आणि तळाला पाणी. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षे उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंडीत थिजून पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसते, आणि दोघांच्या सांध्यावर बुरशीसारखा चिकट थर वाढतो. पुतणीने बरणीत काढून वस्तीतल्या पोरांना दाखवले. वर पिवळे, मध्ये काळी साय, खाली पाणी. टाकी धुऊन उन्हात वाळवली. जुने डिझेल नाल्यात ओतू दिले नाही, डब्यात भरून ठेवले. आणि एक सूचना मामांनी तीनदा सांगितली, टाकीला छिद्र असेल तर घरी वेल्डिंग कधीही करू नये. रिकाम्या टाकीत वाफ असते, ती माणूस मारते.

मग इंजिन. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी करून दाखवलेले हे यंत्र दाबावर चालते. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे टोक गरम होते, तसे. इथे हवा मूळच्या सुमारे विसाव्या भागाइतक्या जागेत दाबली जाते, तापून ५०० अंशांच्या वर जाते, आणि तिच्यात बारीक फवाऱ्याने डिझेल सोडले की ते आपोआप पेटते. थंड इंजिनाला मदत म्हणून हीटर प्लग असतात. पुतणीने ते चारही काढले, प्रत्येक सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडले आणि आठवडाभर तसेच ठेवले.

तिसऱ्या रविवारी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून तिने इंजिन हाताने फिरवायला घेतले. प्लग काढलेले असल्याने दाब नव्हता. तरी हलेना. एक गावकरी म्हणाला, "अवो, पोरीच्या हातचं काम होय काय ते? सरका, मी मारतो झटका." मामांनी खुर्चीतूनच काठी वर केली. "झटक्याचं काम नाई. तिला कळते." तिने लांब पाइप लावला, थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा पुढे. तासाभराने पाना हळूच पाव फेरा गेला. मग अर्धा. मग दोन पूर्ण फेरे. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला.

जुने ऑइल काढून नवे भरले, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदलले, रेडिएटर धुतला, कुजलेले पाइप आणि पट्टा बदलला.

चौथ्या रविवारी डिझेल भरून हवा काढायची होती. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पंप दाब देऊ शकत नाही, कारण हवा दबते, डिझेल दबत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी सलग धार. मग स्क्रू आवळायचा. पुढे नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट ढिले करून स्टार्टर मारायचा. इथे सावध राहावे. नोझलच्या तोंडापुढे बोट कधी धरू नये. तिथला दाब वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक असतो, फवारा कातडीत घुसतो.

स्टार्टर फिरत होता, पण नळ्यांतून थेंब येईना. तीनदा हवा काढली. तोच प्रकार. जमलेली मंडळी आपापले निदान सांगू लागली. पंप गेला, नोझल गेले, इंजिनच गेले. पंप गेला असता तर खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता, आणि ते वहिनींच्या तोंडावर दिसत होते.

पुतणी गप्प बसून पंपाकडे पाहत होती. या पंपावर विजेवर चालणारा लहानसा झडपेचा भाग असतो, सोलेनॉइड. चाबी लावली की त्याला करंट मिळतो आणि डिझेलची वाट उघडते. चाबी काढली की बंद. तिने टेस्ट लॅम्प लावला. दिवा लागला नाही. मग बॅटरीवरून सरळ वायर आणून सोलेनॉइडला टेकवली. "टक्" असा आवाज आला.

"काका, आवाज आला ना?" ती म्हणाली. "हा चांगला हाय. करंटच इथवर येऊन नाई राह्यला."

एअर फिल्टरमध्ये सापडलेले वायरींचे तुकडे होते, त्यातलाच एक या वायरीचा. उंदराने कुरतडलेला. दहा रुपयांची वायर. मामांनी तिच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "मी पंप खोलायला लावला असता."

पुन्हा स्टार्ट करण्यापूर्वी मामांनी एक जाड फळी आणवली आणि आमच्या हातात दिली. बरेच दिवस पडलेल्या पंपाचे आतले भाग चिकटले तर इंजिन सुरू होताच बेफाम पळते आणि चाबी काढूनही थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड दाबून बंद करायचे, आणि ते फळीनेच, हाताने नव्हे. आम्ही फळी घेऊन उभे राहिलो. हीटरचा दिवा विझला, तिने चाबी फिरवली. एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, पांढरा धूर सगळ्या अंगणात भरला, आणि गाडी चालू झाली. फळी लागली नाही.

पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, थंड इंजिनाचा, तो दहा मिनिटांत कमी झाला. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खात आहे असे समजावे. काळा आला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. आमच्या गाडीला निळा आला नाही, म्हणजे रिंगा वाचल्या.

वहिनी अंगणात आल्या. दादा रोज पहाटे दोनला गाडी चालू करीत, तेव्हा हाच आवाज घरात येई. त्यांनी पदर तोंडाला लावला. मुलीने इंजिन बंद केले आणि आईजवळ जाऊन बसली. त्या दिवशी पुढचे काम झाले नाही.

काम मात्र संपलेले नव्हते. पंपाचे सील वाळले होते, डिझेल गळत होते. पंप काढण्याआधी पुतणीने पंपावर आणि इंजिनावर छिन्नीने समोरासमोर खूण केली, म्हणजे परत बसवताना वेळ चुकू नये. नागपूरला पंपवाल्याकडून सील बदलून, जुळवून आणला. आमच्या पिढीच्या मिस्त्री लोकांत या पंपाला सरसकट 'मायको' म्हणतात. बंगलोरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे हे संक्षिप्त नाव. कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण गॅरेजमध्ये मायको अजून चालते.

पाचवा रविवार ब्रेकचा. मामा म्हणाले, "चालू तर कोणीबी करते. थांबली पायजे." ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे आतून गंज धरतो. मागची दोन्ही चाके ड्रममध्ये जाम होती. व्हील सिलिंडरचे रबर बदलले, नवे ऑइल भरले, लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. आणि गाडी उचलताना जॅकवर भरवसा ठेवला नाही. लाकडाचे ठोकळे रचल्याशिवाय खाली कोणाला जाऊ दिले नाही. आपल्यातले कितीतरी जवान पोरगे जॅक निसटून गेले आहेत.

टायर दिसायला चांगले होते. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर २३१५ होते, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. वाकवून पाहिले तर बारीक चिरा. चारही बदलले. वहिनींना हा खर्च जड वाटला, पण पहाटेच्या अंधारात रस्त्यावर मुलगी असणार होती.

आता हिशेब. बॅटरी ६,५००. टायर २०,८००. ऑइल आणि फिल्टर ३,४००. पंप ४,५००. ब्रेक २,६००. रेडिएटर, पाइप, पट्टा २,२००. वायरिंग ९००. डिझेल १,०००. मामांना बळेबळे दिलेले ३,०००. एकूण ४४,९०० रुपये. मागचा कर, विमा, तपासणीचे शुल्क आणि रिफ्लेक्टर टेप मिळून ३८,६००. सगळे मिळून ८३,५००. यातले निम्मे वहिनींच्या बचत गटाने कर्जाऊ दिले.

कागदांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र नसेल तर कायद्याने तिची नोंदणीच वैध धरत नाहीत. ८ वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते. विमा आणि पीयूसी हवेच. मात्र एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि चालकाविषयी एक चांगली गोष्ट झाली होती. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असणारा ७,५०० किलोपर्यंतची वाहतूक गाडी चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. पुतणीकडे तो परवाना होता. वाहतूक गाडीसाठी वय २० पूर्ण लागते, तेही होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. तेव्हापासून ती आठवड्याला दोनदा कळमन्याला जाते. पहिले काही दिवस वहिनी सोबत बसत. आता गटातली कोणी ना कोणी बाई असते.

आम्ही बी.कॉम.ला घसारा शिकलो. पुस्तकाप्रमाणे अठरा वर्षांच्या गाडीची किंमत शून्य. पण पुस्तकातली किंमत आणि घरातला उपयोग या दोन वेगळ्या बाबी आहेत. भाड्याचे २,२०० वाचतात. त्यातून डिझेल सुमारे ८५०, ऑइल-टायर-दुरुस्तीसाठी बाजूला ३५०. वहिनींनी वहीत इतकेच लिहिले होते आणि खेपेला हजार रुपये नफा दाखवला होता. आम्ही एक ओळ वाढवायला लावली, चालकाची मजुरी ५००.

"घरच्या पोरीला मजुरी?" वहिनी हसल्या.

"परका ड्रायव्हर ठेवला असता तर दिली असती ना? मग तिची का नाही?"

आपल्या घरांत बायकांचे काम हिशेबात कधी येत नाही, म्हणून ते फुकटचे वाटते. शिवणयंत्रावर भरलेले हप्तेही असेच कोणाच्या वहीत नव्हते, म्हणून तर गाडी कोणाच्या नावावर करायची हा प्रश्न उठला. ती ओळ लिहिल्यावर नफा खेपेला ५०० उरतो, आठवड्याला हजार. म्हणजे घातलेले पैसे निघायला ८४ आठवडे लागतील, दीड वर्षाहून थोडे अधिक. फार मोठा नफा नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कोणी भुलून जुनी गाडी विकत घेऊ नये. पण दारातली गाडी, मोफतची जागा, शिकलेले हात आणि ठरलेला माल या चार गोष्टी असतील तर हिशेब बसतो. यातली एकही नसेल तर भंगारवाल्याला देणे शहाणपणाचे. इंजिनातून निळा धूर येत असेल, चासी गंजून फुटली असेल, तर जीव लावून उपयोग नाही.

वहिनींनी एक नियम घातला आहे. हौद्यात माणसे बसवायची नाहीत. २०२५ च्या दीक्षाभूमीच्या सोहळ्याला वस्तीतल्या लोकांनी फार आग्रह केला. त्यांनी भोजनदानाची भांडी आणि तांदळाची पोती नेली, माणसांना एस.टी.ने या म्हणाल्या. काही लोक रुसले. मालाच्या गाडीत बसलेल्या माणसाला अपघात झाला तर विम्याचा आधार मिळत नाही आणि गेलेला माणूस परत येत नाही, हे त्या जाणतात.

मामांची खुर्ची आता आमच्या अंगणातच असते. आजूबाजूच्या गावांतले दोन ट्रॅक्टर आणि एक टेम्पो दुरुस्तीला येऊन गेले. बोर्ड लावलेला नाही. लोक विचारत येतात, "ते पोरगी मिस्त्री कुठं राह्यते?"

वाचकांना एकच विनंती. तुमच्या दारात उभी गाडी असो वा नसो, घरात चालू असलेल्या गाडीची, घराची, दुकानाची कागदपत्रे आज संध्याकाळी काढून पाहा. नाव कोणाचे आहे, घरातल्या बाईला ते ठाऊक आहे काय, आणि उद्या काही झाले तर कोणता अर्ज कुठे द्यायचा हे तिला कोणी सांगितले आहे काय? गाडी बिघडली तर मिस्त्री मिळतो. कागदाच्या कामाला मात्र धडधाकट असतानाच बसावे लागते, आणि त्या वेळी घरातल्या बायका-मुलींना शेजारी घेऊन बसावे.